साहेबाच्या अंगावरची जलपर्णी
मोहाडीच्या बाजारात उकडलेल्या शिंगाड्यांचा वास आला की मला तलावातली जलपर्णी काढायला आलेला तो शहरी साहेब आठवतो. त्याच्या प्रोग्रामनं ड्रोनच्या फोटोत आमच्या तलावातलं सगळं हिरवं जलपर्णी ठरवलं होतं, आणि काकाचे शिंगाड्याचे वेल उपटायला मशीन काठावर उभी होती. "शिंगाडे होत जी साहेब," काका म्हणाला. "कॉम्प्युटर चुकत नसतो," साहेब गुरगुरला. घरातला पहिला पदवीधर मी. साहेबाकडून लॅपटॉप मागून घेतला, कोड पाहिला, तर हिरवं दिसलं की जलपर्णी, एवढीच त्या प्रोग्रामची अक्कल. मी साहेबाचाच फोटो काढून त्यात टाकला. त्याच्या हिरव्या टी-शर्टाभोवती चौकोन उमटला: जलपर्णी. "काका, पयले याले उपटा लागते," मी म्हणालो. मशीन परत गेली. शिंगाडा सोलताना अजून वाटतं, त्या एका फोटोत कॉम्प्युटर चुकला नव्हता.