आप्पांनी न खोडलेला मुद्दा

आप्पा जॉबरना जवळजवळ ऐकूच येत नसे, तरी वादविवादात कोण जिंकणार हे सगळ्यांत आधी त्यांनाच कळे. सुरतजवळच्या कडोदऱ्याला लूमवर, म्हणजे यंत्रमागाच्या कारखान्यात, बिघडलेले माग दुरुस्त करण्यात त्यांची वीस वर्षं गेली होती. त्या खडखडाटात कारागीर एकमेकांचं बोलणं ओठांवरून ओळखतात. आप्पा तर मैदानापलीकडच्या माणसाचंही ओळखायचे.

नव्वदच्या दशकात मी सुरतेतल्या एका मराठी शाळेत शिक्षक होतो. त्यांची मुलगी सुनंदा वादविवादाच्या संघात होती. सुट्टीच्या दिवशी तिला सरावाला सोडायला आलेले आप्पा मागच्या बाकावर बसून राहत. मी मुलांकडून टाळ्यांची वाक्यं पाठ करून घेत असे. एकदा ते म्हणाले, "सर, पोरं भांडतात झकास. पण समोरच्याचं ऐकतच नाहीत. बहिरा मी, का ही?"

त्या दिवसापासून संघ त्यांचा झाला. समोरच्याचा मुद्दा आधी त्याच्याहून चांगला, त्याचीच मान होकारार्थी हलेल असा मांडायचा, मगच खोडायचा, हा त्यांचा नियम. सुनंदा घाई करायची, की आप्पा तिला थांबवत. "बाई गं, मान हलली का त्याची? नाही ना? मग तुला अजून समजलंच नाही." तिघे तीन दिशांना बोलू लागले की म्हणत, "धागा तुटला तिथेच जोडा रे. दर वेळी नवा माग कशाला लावता?"

आंतरशालेय अंतिम फेरीत सुनंदाने प्रतिस्पर्ध्याचा मुद्दा इतका नेमका मांडला, की त्या मुलाने नकळत मान हलवली. मग तिने तो शांतपणे खोडला. ढाल आम्हाला मिळाली.

अध्यक्षांनी मंचावर विचारलं, "मुलांची तयारी कोणी करून घेतली?" तेव्हा मुख्याध्यापकपदासाठी माझं नाव चर्चेत होतं. आप्पा इस्त्रीचा शर्ट घालून शेवटच्या रांगेत बसले होते. त्यांना इतक्या लांब काय ऐकू जाणार, असा विचार माझ्या मनात आला. मी म्हणालो, "सगळी मीच." शेजारी उभ्या सुनंदाने मान खाली घातली. मी आप्पांकडे पाहिलं. ते माझ्या ओठांकडे पाहत होते.

सुनंदाने संघ सोडला. आप्पा शाळेत पुन्हा आले ते वर्षअखेरीस, तिचा दाखला न्यायला. ते सगळे गावी परत चालले होते. मुख्याध्यापकाच्या खुर्चीत मी होतो.

"सर, तुमची बाजू आधी मी मांडतो," ते म्हणाले. "लूमवाल्याचं नाव घेतलं असतं, तर संस्थेने विचारलं असतं, मग मास्तर कशाला ठेवलाय? हाती आलेली जागा गेली असती. तुम्ही वाईट नाही. घाबरलात. बरोबर?"

माझी मान हलली. आता खोडतील म्हणून मी वाट पाहत राहिलो. त्यांनी दाखल्याची नीट घडी केली, वरच्या खिशात ठेवली. "येतो सर," म्हणाले आणि गेले.

ते वारल्याचं मला फार उशिरा कळलं. त्यांनी सोडून दिलेलं ते खोडणं आज मीच पुरं करतो आहे. मुलांची तयारी आप्पांनी करून घेतली होती. सगळी.