धूर नसलेला कारखाना

सोनपेठात व्यंकटरावांच्या कापसाच्या जिनिंग-प्रेसिंग कारखान्यात मी कारकून होतो, तेव्हाची ही गोष्ट. तिथल्या बॉयलरवर भट्टी सांभाळणारा आश्रुबा नावाचा फायरमन होता. उंच, वाळका, बोलायला कमी. सत्तावन्न सालापासून त्याच्या घरात बुद्धाची तसबीर होती आणि बारा वर्षांपासून भट्टीच्या धुरानं त्याचे डोळे लाल होते. आश्रुबानं जन्मात दारूचा थेंब घेतला नव्हता. पण दारूबंदीवर भाषण करणारे एक पुढारी दारुड्याचं उदाहरण म्हणून नेमकं त्याच्याकडंच बोट दाखवायचे.

चौऱ्याहत्तरच्या रेल्वे संपात आमचा कोळसा अडला. संप मिटला, पण कोळसा काही पुन्हा वेळेवर आला नाही. मग व्यंकटरावांनी बॉयलरला लाकूड लावलं. काल तोडलेली बाभूळ आज भट्टीत, सालीसकट, चिखलासकट. चिमणीतून असा काळा लोट निघायचा की दोरीवरची धोतरं वाळायच्या आधी मळायची. शाळेच्या भिंतीवर सुविचार होता, त्यातला 'स्वच्छता' हा शब्द सगळ्यात आधी दिसेनासा झाला.

व्यंकटरावांना त्याचं काही नव्हतं. "अरे, धूर म्हंजे बरकत," ते म्हणायचे. "पाच कोसावरनं शेतकऱ्याला दिसतं, व्यंकटरावाचं जिन चालू हाय."

जिन चालू होतं, पण वाफ चढत नव्हती. वाफेच्या दाबाचा काटा अर्ध्यावर अडायचा आणि प्रेस दिवसातून तीनदा बंद पडायचा. परभणीहून फिटर आणला. त्यानं चिमणी दहा फूट वाढवायला सांगितली. वाढवली. जवळच्या गल्लीच्या तक्रारी थांबल्या, लांबच्या गल्लीच्या सुरू झाल्या. व्यंकटरावांच्या मते ही सुधारणाच होती.

एक दिवस आश्रुबा दोन लाकडं घेऊन त्यांच्यापुढं उभा राहिला. "मालक, यंत्राचा दोष न्हाई. आपून लाकूड न्हाई, पाणी जाळायलाव."

त्यानं घरच्या चुलीतलं वाळलेलं लाकूड भिंतीवर आपटलं. टणकन आवाज आला. कारखान्यातलं आपटलं, ते नुसतं भद्‌ वाजलं.

"लाकडाचं गाणं ऐकवायला ठेवलंय का तुला?" व्यंकटराव म्हणाले. पण हंगाम संपत आला होता आणि त्यांना मुलीसाठी स्थळ बघायला जायचं होतं. जाता जाता म्हणाले, "कर काय करायचं ते. मला ताप नको."

उन्हाळाभर आश्रुबा आणि त्याची बायको सुलाबाई लाकडं फोडत होते. ओंडक्यात पाचर ठोकून मनगटाएवढ्या फाका काढायच्या, साल सोलायची, खाली दगड ठेवून आडव्या-उभ्या थप्प्या रचायच्या, मधून वारा खेळेल अशा. पावसाआधी त्यांनी जुने पत्रे आणि पाचट वर टाकलं. लोक सुलाबाईला विचारायचे, "काय गं, लाकडाचं घर बांधायलाव का?" ती म्हणायची, "व्हय. राहायला या."

दिवाळीनंतर भट्टी पेटली. कापसाची पहिली गाठ दाबायच्या आत काटा भरला. आश्रुबा बाहेर येऊन वर बघू लागला. चिमणीच्या तोंडाशी हवा नुसती थरथरत होती, धुराचा पत्ता नाही. भट्टी विझली की काय म्हणून तो धावत आत गेला. आत लखलखीत जाळ होता. पुन्हा बाहेर आला, पुन्हा वर बघितलं. तो एकटाच हसताना मी पहिल्यांदा बघितला.

तिसऱ्या दिवशी गाड्या यायच्या थांबल्या. राणीसावरगावाकडच्या कापसाच्या गाड्या दुसऱ्याच जिनाकडं वळल्या. गाडीवाले एकमेकांना सांगत होते, "चिमणी थंड हाय. व्यंकटराव बुडाला म्हनं."

व्यंकटराव भट्टीवर धावून आले. "टाक ओली बाभूळ! तुझ्या शहाणपणानं माझी अब्रू चालली!"

आश्रुबानं वाळलेलीच फाक भट्टीत सारली. मग व्यंकटरावांनीच तोड काढली. माझ्याकडून 'कारखाना चालू आहे' अशी पाटी लिहून घेतली आणि फाटकावर लावली. फाटकापर्यंत येणाऱ्यांना ते दिसतच होतं. जे येत नव्हते ते वाचणार कसे? मग आवारात ओला पाला आणि फाटके टायर पेटवून खास धूर करायला एक गडी नेमला. म्हणजे भट्टीत बिनधुराचा जाळ आणि शेजारी बिनकामाचा धूर.

टायरचा वास दोन दिवस सहन केल्यावर आश्रुबाचा आवाज चढला. "मालक, लोकायला धूर कशाला दावता? भोंगा वाजवा की! आता वाफ हाय."

भोंगा वाफेअभावी दोन वर्षं मुका होता. आश्रुबानं साखळी ओढली. असा काही आवाज उठला की बाजारातल्या म्हशी दावी तोडून पळाल्या आणि भाजीवाल्या चतुराबाईच्या टोपलीतली वांगी रस्ताभर झाली. भोंग्यानंतर चौथ्या दिवशी गाड्यांची रांग लागली.

पुढं बॉयलर तपासायला साहेब आले. धूर नाही हे बघून चकित झाले. व्यंकटराव म्हणाले, "दूरदृष्टी, साहेब. लाकूड वाळवायचं हे मी आधीच ठरवलं होतं." खूश होऊन साहेबांनी आश्रुबाला थप्प्यांपुढं उभं केलं आणि अर्धा तास समजावलं, की लाकूड फोडून, वाळवून वापरावं. "आलं का ध्यानात?"

"आलं, साहेब," आश्रुबा म्हणाला.

मग फोटो निघाला. मालक, साहेब आणि फाईल घेतलेला मी. मी काही बोललो नाही, हे इथं कबूल करतो.

आश्रुबानं एकच मागणं केलं होतं, लाकडांवर पक्कं पत्र्याचं छप्पर. व्यंकटरावांनी ते लगेच बांधलं आणि त्याखाली आपली जीप उभी केली. आश्रुबानं तक्रार केली नाही. मालक चार दिवस रेल्वेनं परगावी गेले, तेव्हा त्यानं आणि सुलाबाईनं जीपच्या चारी बाजूंनी छपरापर्यंत लाकूड रचलं, नेहमीसारखं, वारा खेळेल असं.

जीप बाहेर काढायला दोन दिवस लागले. व्यंकटराव पुष्कळ ओरडले, पण त्यानंतर त्यांनी जीप लिंबाच्या झाडाखालीच लावली.