मोज्यातल्या बाटल्या

आल्बन परेरा बाटल्यांना मोजे घालायचा. फुटबॉल खेळणाऱ्यांचे गुडघ्यापर्यंतचे जुने लोकरी मोजे. बाटली आत सरकवली की लेबल झाकलं जायचं आणि कुठली वाइन, कुठल्या देशाची, ते कुणालाच कळायचं नाही. पहिल्यांदा तो माझ्या दारात उभा राहिला तेव्हा ट्रेमध्ये एक निळा मोजा होता, एक लाल, आणि काचेचे चार सारखे पेले.

मी ठाण्यातल्या बाळकुमच्या त्या इमारतीत राहायला येऊन तीन आठवडे झाले होते. सुनंदा गेल्यावर डोंबिवलीतली जागा विकून मुलीने मला तिच्या जवळ आणलं होतं. ती पलीकडच्या विंगमध्ये होती. मी सकाळी उठायचो, जेवायचो, झोपायचो. दुःख होत होतं असंही म्हणता येणार नाही. सगळं कुठेतरी लांब चाललेलं असायचं.

"वरच्या मजल्यावरचा परेरा," तो म्हणाला. "दोन वाइन आहेत. एक नाशिकची, एक लांबची. फक्त वास सांगायचा. पिणं तुमच्या मर्जीवर."

मला वास येत नाही, मी म्हणालो.

"सर्दी?"

"नाही. बायको गेली तेव्हापासून. जेवणालाही चव नसते."

त्याने दोन पेल्यांत दोन-दोन बोटं वाइन ओतली आणि ते खिडकीपाशी धरले. "मग रंग सांगा," म्हणाला.

मी सांगितलं. एक कोकमाच्या आगळासारखी, दुसरी पायरीच्या कडेला वाळलेल्या गेरूसारखी. त्याने खिशातून छोटी वही काढली आणि जसंच्या तसं उतरवून घेतलं. वासाच्या रकान्यात लिहिलं, 'कुलकर्णी, काही नाही'.

त्यानंतर दर शनिवारी संध्याकाळी सातला मी वर जायला लागलो. जावंसं वाटायचं म्हणून नव्हे, न जाण्याचं कारण सुचायचं नाही म्हणून.

आल्बनचा जन्म बाळकुमचाच. आमचे टॉवर उभे आहेत तिथे त्याच्या वडिलांचा काकडीचा आणि वालाचा मळा होता. तो रंगांच्या कारखान्यात तीस वर्षं प्रयोगशाळेत होता. रंगाचा डबा उघडून नुसत्या वासावरून त्यात काय कमी पडलंय ते सांगायचा, असं त्याची बायको फिलोमिना म्हणायची. तिचा एक भाचा जहाजावर होता. तो सुट्टीवर आला की पोर्तुगालची, चिलीची एखादी बाटली आणायचा. बाकीच्या नाशिकच्या, गोव्याच्या, आणि वसईला फिलोमिनाच्या बहिणीने घरी केलेली जांभळाची. उन्हाळ्यात बियर. पुण्याची एक आणि जर्मनीची एक शेजारी-शेजारी ठेवायचा आणि आम्हाला भांडायला लावायचा.

त्याचे नियम कडक होते. आधी वास, मग घोट. पेला दुसऱ्यांदा भरायचा नाही. "तिसऱ्या घोटानंतर जीभ खोटं बोलते," म्हणायचा. पुस्तकातले शब्द चालायचे नाहीत. एकदा त्यांचा जावई आला होता, तो ओक आणि चेरी म्हणाला. आल्बनने वही मिटली. "चेरी तू केकवर पाहिलीस. तुझ्या घरातलं सांग." जावई लाजला आणि मग म्हणाला, शाळेच्या दप्तरात राहिलेल्या सफरचंदासारखं. आल्बनने ते ठळक अक्षरात लिहिलं. फिलोमिना कधीकधी असं काही सांगायची की आल्बन पेला पुन्हा नाकाशी न्यायचा. जर्मन बियरला ती म्हणाली, "आईच्या खोलीत पिकलेली केळी, आणि लवंग. तिची दाढ दुखायची."

माझ्या नावापुढे वर्षभर 'काही नाही' लागत राहिलं. त्याने ते कधी गाळलं नाही, त्यावर कधी बोललाही नाही.

दुसऱ्या वर्षी आल्बनला ताप आला. दहा-बारा दिवस अंगात होता, मग उतरला. दोन शनिवार चुकले. तिसऱ्या शनिवारी मी वर गेलो तेव्हा तो वाळला होता, पण मोजे घातलेल्या दोन बाटल्या टेबलावर तयार होत्या. फिलोमिना आत फुगे, म्हणजे त्यांच्याकडचे मैद्याचे गोळे, तळत होती. त्याने पेला नाकाशी नेला, डोळे मिटले. "छान उतरलीये," म्हणाला. "गोडसर. जांभळाचीच आहे, बघा."

मी पेला उचलला आणि मला वास आला. सुनंदा गेल्यापासून पहिल्यांदा. झाकण सैल राहून आंबलेल्या लोणच्याच्या बरणीचा. वाइनचा पार व्हिनेगर झाला होता. पेला नाकाशी नेणाऱ्या कुणालाही कळलं असतं, आणि आल्बनला कळलं नव्हतं.

वास परत आला म्हणून मला काही आनंद झाला नाही. मी पेला हातात धरून बसलो. तो पेन उघडून वाट पाहत होता.

"कुलकर्णी? काही नाही लिहू?"

लिहा म्हणालो असतो तर ती संध्याकाळ निभावली असती. "व्हिनेगर," मी म्हणालो. "आंबलीये ती."

त्याने पेला खाली ठेवला. मग स्वयंपाकघराच्या दाराकडे पाहिलं आणि आवाज खाली आणला. "वास तापापासून गेलाय. तिला सांगितलं नाहीये. फिशकरी छान झाली म्हणतो रोज."

"डॉक्टर?"

"म्हणतात, येईल. कदाचित." त्याने वहीत व्हिनेगर लिहिलं. स्वतःच्या नावापुढे 'काही नाही' लिहिलं आणि वही मला दाखवली. "आता तुम्ही सांगा, मी लिहितो."

फिलोमिनाला त्याने पुढच्या आठवड्यात सांगितलं. ती म्हणाली, मला माहीत होतं, दोनदा करीत मुद्दाम लसूण घातला नव्हता.

पुढे सात-आठ महिने तसंच चाललं. मी वास घ्यायचो, तो लिहायचा. मी थोडक्यात उरकलं तर तो चालू द्यायचा नाही. "ओली माती म्हणजे कुठली? कुंडीतली की शेतातली?" मी पुन्हा नाक घालायचो. त्याचा वास परत आला नाही. आला असता, कदाचित. पण एका सोमवारी दुपारी जेवून खुर्चीत बसला आणि उठलाच नाही.

चर्चमध्ये मी मागच्या बाकावर बसलो. रडू आलं नाही. लोक पुढे जाऊन फुलं ठेवत होते, मीही ठेवली.

दहा-बारा दिवसांनी फिलोमिनाने फोन केला. "भाऊ, जरा वर येता?" गेलो तर तिने पलंगावर त्याचे चार शर्ट मांडले होते. तिची मुलगी कपडे धुवायला टाकणार होती, त्याआधी हिने काढून घेतले होते.

"माझं नाक रडून बंद झालंय," ती म्हणाली. "कशाला त्याचा वास आहे ते सांगा. एक तरी ठेवते."

मी एकेक उचलून हुंगला. पहिल्या तिन्हींना फक्त कपाटातल्या डांबरगोळ्यांचा वास होता. चौथा, चौकड्यांचा, कॉलरपाशी नाकाला लावला आणि थांबलो.

"आहे," मी म्हणालो.

"कसा?"

"घाम. खोबरेल तेल. आणि पेन्सिल तासल्यावर येतो तसा काहीतरी."

तिने मान हलवली, शर्टाची घडी घातली, प्लास्टिकच्या पिशवीत ठेवली आणि तोंडाला घट्ट गाठ मारली.

मी घरी आलो. कपाट उघडून बराच वेळ उभा राहिलो. सुनंदाच्या साड्या मी ती गेल्यावर पहिल्याच महिन्यात धुऊन, इस्त्री करून एका संस्थेला देऊन टाकल्या होत्या. त्यातली एकही हुंगली नव्हती.