झेरॉक्सवाल्याच्या कपाटातली वही

शाहूपुरीतला आमचा झेरॉक्सवाला प्रत्येक कागद आधी स्वतः वाचतो, मगच काचेवर ठेवतो. विद्यापीठात दलित अभ्यास केंद्र हवं, असं मागणीपत्र मी घेऊन गेलो. अमेरिकेतल्या चिकानो, म्हणजे मेक्सिकन वंशाच्या पोरांनी उपोषणं करून आपल्या इतिहासाचे विभाग मिळवले, हे त्यात तावातावानं लिहिलं होतं.

"भावा, ह्यात त्यांचं समदं हाय. आपलं कुठाय?" वाचून झाल्यावर त्यानं विचारलं.

"आपलं कुणी लिहून ठेवलंय?" मी फणकारलो.

त्यानं कपाटातून एक जुनी वही काढली. त्याच्या वडिलांनी आंबेडकरी चळवळीच्या भीमजलशासाठी रचलेली गाणी. फुंकर मारून त्यानं ती काचेवर ठेवली.

मागणीपत्राला मी तीच प्रत जोडली. पाच वर्षं त्याच्याकडे जातोय. त्याचे वडील काय करायचे, हे कधी विचारलंच नव्हतं.