समोरचे काका आणि नाताळचे रोडगे

मुलांनो,

परवा व्हिडिओ कॉलवर धाकटीनं विचारलं, "आजी, यंदा नाताळच्या जेवणाला माझी एक मैत्रीण येणार आहे आणि ती शाकाहारी आहे. तिच्यासाठी मुख्य पदार्थ काय करू?" मी म्हटलं, लिहून कळवते. तिला वाटलं असेल, आजी एखादी कृती पाठवेल. कृती येईलच, पण या एका प्रश्नापुढे मी बरीच वर्षं हरत आले होते. ज्यांच्यामुळे हरले आणि ज्यांच्यामुळेच शेवटी जिंकले, त्या माणसाची ओळख झाल्याशिवाय त्या कृतीचा काही उपयोग नाही. तुम्ही त्यांना पाहिलंय. पण तुम्हाला आठवत असेल ते एवढंच, की खामगावला आलात की समोरच्या घरातून एक उंच म्हातारे गृहस्थ यायचे आणि तुमचे गाल चिमटीत धरून बराच वेळ विचार करायचे.

सगळ्या खामगावात समोरच्या काकांइतकं साधं जेवणारा माणूस नव्हता, आणि त्यांच्याइतका अवघड पाहुणा उभ्या वऱ्हाडात झाला नसेल.

काकांनी सारी नोकरी जिनिंगमध्ये कापसाची पारख करण्यात घालवली. गाडी आली की ढिगातून चिमूटभर कापूस घ्यायचा, दोन्ही अंगठ्यांमध्ये धरून हलकेच ओढायचा आणि धाग्याची लांबी पाहून प्रत सांगायची, हे त्यांचं काम. नोकरी संपली, पण अंगठ्यांना ते कोणी सांगितलं नाही. समोर येईल ती वस्तू काका चिमटीत धरत. पोळी आली की आधी तिचा कोपरा ओढून पाहत. सोनपापडीवर तर ते इतका वेळ खिळत की बाकीचे संपवून हात धुऊन येत. जगातल्या सगळ्या वस्तूंच्या आणि माणसांच्या त्यांच्याकडे तीनच प्रती होत्या: सुपर, फाइन आणि फरदड. फरदड म्हणजे वेचणी आटोपल्यावर शेतात राहिलेल्या झाडांना उशिरा येतो तो हलका कापूस. गल्लीत एका मुलीला पाहायला मंडळी आली होती तेव्हा काकांना वडीलधारे म्हणून बसवलं होतं. त्यांनी नवऱ्या मुलाच्या शर्टाची बाही चिमटीत धरली, मग त्याचा हात धरला आणि भर बैठकीत म्हणाले, "कापड सुपर हाये. पोरगा फरदड." लग्न मोडलं. पुढे तो मुलगा कसा निघाला ते मी इथे लिहीत नाही, पण मुलीच्या आईनं काकांना दिवाळीला धोतरजोडी पाठवली.

मलाही त्यांनी प्रत दिली होती. "बाई, तुमी फाइन. सुपर झाल्या असत्या, पन इस्त्री लय करता." शाळेत इंग्रजी शिकवायची म्हणून मी सगळ्या गल्लीची बाई होते, आणि इस्त्रीबद्दलचं त्यांचं म्हणणं खोटं नव्हतं. आमच्याकडे नाताळला टेबलावरचे हातरुमाल एका रेषेत असत.

नाताळच्या सकाळी काका आमच्याबरोबर उपासनेला येत. गळ्यात तुळशीची माळ, डोक्याला टोपी, आणि बसायचे शेवटच्या बाकावर. गाणी त्यांना सगळी पाठ होती. ते ती सगळ्यांच्या अर्धी ओळ आधी संपवत. एका वर्षी दारात सगळे पाळकसाहेबांना सलाम करत होते, तेव्हा काकांनी त्यांच्या पांढऱ्या झग्याची किनार अंगठ्यांमध्ये ओढून पाहिली. "साहेब, हे टेरिकॉट हाये. देवाच्या दारात भेसळ काऊन?" पाळकसाहेब बिचारे पुढच्या नाताळला सुती झगा घालून आले आणि आधी काकांसमोर हात पुढे केला.

उपासनेनंतर काका-काकू आमच्याकडे जेवायला. आणि इथे माझी अडचण सुरू होई. आमच्या घरी नाताळची दुपार म्हणजे मटण. ते मधोमध मोठ्या पातेल्यात येई, तुमचे आजोबा प्रार्थना करत आणि सगळ्यांना वाढत. काका माळकरी, पण शेजारी मटण असण्याचं त्यांना काही वाटत नसे. त्यांची तक्रार वेगळीच होती. पहिल्या वर्षी मी त्यांच्यासाठी पनीरची भाजी केली. त्यांनी विचारलं, "हे सगळ्यांले हाये, का माह्या एकट्यासाठी?" मी म्हटलं, तुमच्यासाठी खास. काका उठले, वाटी घेतली, टेबलाभोवती फिरून प्रत्येकाच्या ताटात एकेक तुकडा वाढला आणि रिकामी वाटी घेऊन जागेवर बसले. "बाई, पंगतीत दोन वाढपं नसतात. मले वेगळं वाढसान त मी पाहुणा झालो. मी काय पाहुणा आहो काय?"

तो नियम त्यांनी कधी मोडला नाही. भरल्या ढोबळ्या मिरच्या केल्या, त्या वाटल्या गेल्या. कोफ्ते केले, ते वाटले गेले. एकदा मी "सगळ्यांसाठीच आहे" असं धडधडीत सांगितलं, तर माझी मलकापूरची नणंद मोठ्या प्रेमानं म्हणाली, "मला नको वहिनी, ते काकांचं आहे ना!" झालं. काका दरवर्षी जेवत ते भात, वरण, पोळी आणि कोशिंबीर, कारण तेवढंच सगळ्यांच्या ताटात असे. "लय झालं," म्हणून पोटावरून हात फिरवत. मग एकदा काकूंनी स्वयंपाकघरात माझ्या कानाशी सांगितलं, "घरी गेल्यावर मले भाकर टाकाले लावतात, बाई. तुमाले बोलू नका म्हन्तात."

त्यानंतरच्या पावसाळ्यात काकू गेल्या. मुलगा पुण्याला, त्यामुळे काका एकटे. नोव्हेंबरात मी नेहमीसारखं बोलवायला गेले तर ते ओट्यावर बसून शेंगा सोलत होते. माझ्याकडे न पाहता म्हणाले, "यंदा नाई येत, बाई."

"का?"

"तुमच्या घरी सण असते आन् मी कोशिंबीर खात बसतो. सगळे माह्या ताटाकडे पाह्यतात. मटन खाताना लाजतात बिचारे. अन् घरी येऊन भाकर टाकनारं आता कोन हाये?"

मी घरी आले आणि ठरवलं. नाताळच्या दुपारी समोरच्या घरात तो माणूस एकटा बसणार नाही. त्यासाठी मधोमध ठेवण्याजोगा एकच पदार्थ हवा, जो सगळे आवडीनं खातील आणि कोणाला तो काकांसाठी केलाय असं वाटणार नाही. तुमच्या आजोबांना मी सांगितलं, यंदा दुपारी मटण नाही, रात्री. त्यांनी वर्तमानपत्र खाली ठेवलं. "नाताळच्या दुपारी मटण नाही? मग गुड फ्रायडेच कर ना, उपास धरतो मी."

"उपास नाही. फक्त पातेलं बदलायचं."

मग माझे प्रयोग सुरू झाले. तुमच्या आईनं मला एका परदेशी बाईंचा व्हिडिओ पाठवला. त्यात सुक्या मेव्याचा पाव भाजून त्याचे काप करतात. मी तो शेंगदाण्यांचा केला. तुमच्या आजोबांनी काप हातात घेऊन उलटसुलट पाहिला आणि विचारलं, "हा अंगाला लावायचा की कपड्यांना?" काकांना मी चव पाहायला म्हणून पाठवला, कशासाठी ते न सांगता. त्यांनी चिमटीत धरला, तो भुसभुशीत खाली पडला. "पकड नाई, बाई. याची गठान बांधली त जलंब टेसनापर्यंतसुद्धा जात नाई." अख्खा फुलकोबी मसाला लावून भाजला, तो वरून कोळसा आणि आतून कच्चा निघाला. आजोबांनी बेसनाच्या पातोड्यांची भाजी सुचवली, कारण तिचा रस्सा मटणासारखा लागतो. पण मला तेच नको होतं. ज्या पदार्थाची स्तुती दुसऱ्याच्या नावानं करावी लागते, तो मधोमध बसत नाही. भरीत चांगलं, पण ते भाकरीच्या मागून चालणारं. गोळाभात रोजचा.

डिसेंबर लागला. एका संध्याकाळी जानेफळकडून एसटीनं येत होते, तर रस्त्याकडेच्या शेतात एका मंदिरासमोर धूर दिसला. माणसं गोवऱ्यांच्या निखाऱ्यात कणकेचे रोडगे भाजत बसली होती. कोणाचा तरी नवस असेल. वीस-पंचवीस माणसं, एक मोठी आग, आणि बाजूला वांग्याच्या भाजीचं भलंमोठं गंज. मी खिडकीतून पाहत राहिले आणि मला एकदम लख्ख कळलं. रोडगा एकट्यासाठी होतच नाही. एका रोडग्यासाठी कोण एवढ्या गोवऱ्या पेटवील? तो पंगतीचाच.

तरीही माझी इस्त्री आडवी आली. अंगणात धूर नको म्हणून मी घरच्या विजेच्या भट्टीत चार रोडगे करून पाहिले. बाहेर आले ते पांढरे आणि टणक. एक घेऊन काकांकडे गेले. त्यांनी तो तळहातावर तोलला. "हा रोडगा नाई, बाई. हे काट्याचं माप हाये. काय करून राह्यल्या तुमी?"

"नाताळला रोडगे करायचे आहेत. सगळ्यांना."

"मी येत नाई म्हटलं ना."

"तुम्ही या म्हणून कोण म्हणतंय? मला भाजायला माणूस पाहिजे. आमच्या घरात कोणाला येत नाही."

काका बराच वेळ तो दगड चिमटीत फिरवत बसले. मग म्हणाले, "कनीक जाडी दळली का बारीक?"

"बारीक."

"तवाच!" आणि ते उठून चप्पल शोधू लागले.

त्यानंतर ते माझं राहिलं नाही. गहू जाडसर त्यांनीच दळून आणला. ओवा किती, तेल किती, हे माझ्या स्वयंपाकघरात उभं राहून मला सांगितलं. गोवऱ्या आणल्या त्याही चिमटीत मोडून पारखून. छोट्या पोळ्या लाटायच्या, प्रत्येकीला तेल लावून एकीत एक घालायच्या आणि वरून मोठी घालून गोळा बंद करायचा. म्हणजे भाजल्यावर पदर सुटतात. "पदर सुटला नाई त तो रोडगा नाई, बाटी झाली," असं मला दटावलं. मी वह्या तपासणारी बाई, त्यांनी माझे गोळे तपासले आणि तीन परत केले.

नाताळच्या सकाळी अंगणात आग पेटली. आता तिच्यापाशी थांबणार कोण? आम्हा सगळ्यांना उपासनेला जायचं होतं. काका म्हणाले, "जा तुमी. माह्यी गानी इथं म्हन्तो." त्या दिवशी शेवटचा बाक रिकामा होता आणि पाळकसाहेबांनी दारात उगाचच हात पुढे करून मागे घेतला.

परत आलो तर अंगण झाडून स्वच्छ, आणि कापडावर रोडग्यांचे तीन ढीग: सुपर, फाइन, फरदड. तेवढ्यात मलकापूरहून नणंद उतरली, हातात डबा. मी म्हटलं, "काय आहे त्यात?"

"काही नाही वहिनी, एवढीशी कोंबडी. चवीपुरती. कोंबडी नाही तर नाताळ कसा?"

तुमच्या आजोबांच्या चेहऱ्यावर जी आशा उगवली ती मी लग्नातही पाहिली नव्हती. काकांनी डबा पाहिला आणि हात झटकून टोपी सारखी केली. मला कळलं, आता हे "येतो मी" म्हणतील. मी नणंदेच्या हातातून डबा घेतला, फ्रिजमध्ये ठेवला आणि त्याच्याच दाराला पाठ लावून उभी राहिले.

"रात्री."

"अहो वहिनी, पण..."

"रात्री. आता सगळ्यांना एकच वाढप."

नणंद फुगली. आजोबांनी प्रार्थना केली, नेहमीपेक्षा जरा छोटी. मधोमध मोठ्या परातीत रोडगे, गंजात वांग्याची भाजी, वरण, आणि तूप. काकांनी पहिला रोडगा फोडला, पदर सुटले, वाफ निघाली. त्यांनी तो नणंदेच्या ताटात ठेवला आणि वर तूप ओतलं. ती फुगलेलीच एक घास खाऊन बसली. मग दुसरा. मग म्हणाली, "काका, अजून एक द्या. त्या सुपरमधला."

"सुपर सगळ्यांले एकेक हाये. तुमाले फाइन देतो."

"मी काय फाइन दिसते का तुम्हाला?"

टेबलावर जो हशा झाला त्यात आजोबाही होते, आणि त्यांच्या ताटात तिसरा रोडगा होता. काकांनी सगळ्यांची ताटं पाहून घेतली. एकही वेगळं नव्हतं. मग ते जेवायला लागले, आणि त्यांनी काही चिमटीत ओढून पाहिलं नाही. भाजी तीनदा मागितली. "लय झालं," म्हणाले नाहीत. जेवण झाल्यावर अंगणात उन्हात खुर्ची टाकून बसले आणि तिथेच टोपी डोळ्यांवर ओढून झोपले. संध्याकाळच्या चहापर्यंत त्यांना घरी जायची घाई नव्हती. मी रुमाल तसेच चुरगळलेले राहू दिले.

त्यानंतर काही नाताळ तसेच गेले. मग गुडघे फार दुखू लागले म्हणून मुलानं त्यांना पुण्याला नेलं. नाताळच्या सकाळी त्यांचा फोन येई. "बाई, इथं गोवऱ्या भेटत नाईत. सून गॅसवर करतो म्हन्ते. गॅसवर काय रोडगा होते?" मी म्हणायची, होत नाही. ते म्हणायचे, "तिले तसं सांगत नाई मी. चांगली पोरगी हाये, फाइन." एका वर्षी फोन आला नाही. मी केला, तर मुलानं उचलला.

तर धाकटे, मैत्रिणीसाठी काय करू असं विचारू नकोस. सगळे मिळून काय खाल, ते आधी ठरव आणि ते तिलाच करायला लाव. तुमच्याकडे अंगण नाही, म्हणून भट्टीतली कृती मी तुझ्या आईला सांगितली आहे. भट्टीत करायचे तर कणीक जाडसर घ्या आणि पदरांमध्ये तेल कमी करू नका.

समोरच्या घरात आता बँकेतलं एक जोडपं भाड्यानं राहतं. तुमच्या आजोबांना आता मटण पचत नाही. आमच्या अंगणात मात्र नाताळच्या सकाळी अजून गोवऱ्या पेटतात, आणि दुपारी सगळ्यांच्या ताटात एकच वाढप असतं.