लिंबाच्या पानावरचा नाकतोडा

हे मी आजवर कुणालाच सांगितलेलं नाही — नवऱ्यालाही नाही. तुम्हाला सांगते, कारण तुम्ही अक्काला ओळखत नाही.

अक्का माझी थोरली बहीण. एरंडोलजवळच्या खेड्यात लिंबाची बाग सांभाळते. मी जळगावात, कॉलेजात जीवशास्त्र शिकवते. भाचीने तिला मोबाइल घेऊन दिला आणि मला रोज सकाळी फोटो यायला लागले — सरडा, कोळी, भेंडीचं फूल. सोबत तिच्या आवाजात, अहिराणीत प्रश्न, "हाऊ कोन शे व सुमन?" चहाआधी मी ते उघडायचे.

एकदा तिने नाकतोडा पाठवला. पानासारखाच हिरवा, पंखांवर पानासारख्याच शिरा. मिशा अंगाहून लांब — म्हणजे लांब मिशांच्या नाकतोड्यांच्या कुळातला, कॅटिडिड, एवढं कळलं. पण कोणता? पुस्तकांत जुळेना. शेवटी कीटक अभ्यासकांच्या ग्रुपवर टाकला. एका जाणकारांनी नाव सांगितलं. आपल्या भागात हा त्यांनी कधी पाहिला नव्हता. "फोटो कुणी काढला?" त्यांनी विचारलं.

मी लिहिलं — मी.

'बहिणीने' लिहायला काय लागत होतं? काहीच नाही. कॉलेजात कौतुक झालं, तो फोटो मोठा करून मला भेट मिळाला. पण एवढंच असतं, तर हसत सांगूनही टाकलं असतं — नाही का?

अक्का घरी आली. भिंतीवर फोटो पाहून तिचा चेहरा फुलला. "हाऊ मनाच फोटो शे ना?"

नवरा शेजारीच बसला होता. मी म्हटलं, "नाही गं अक्का. तुझा हलला होता. मग रविवारी तुझ्याकडे आले तेव्हा मी परत काढला."

तिने आपल्या हाताकडे पाहिलं. "हां, मना हात थरथरस ना आते," म्हणाली — आणि तोच हात माझ्या पाठीवरून फिरवला.

तिचा हात थरथरत नव्हता. फोटोत पायांवरचे बारीक काटेसुद्धा स्वच्छ दिसत होते. त्यावरूनच तर ओळख पटली होती.

त्यानंतर तिने एकही फोटो पाठवला नाही. विचारलं, तर म्हणाली, "तू येशी तवय तूच काढजो."

मी जाते. ती हौसेने फांदी वाकवून दाखवते, मी फोटो काढते. मग बांधावर आम्ही दोघीच बसतो, ती मला शेंगा सोलून देते. सांगायला याहून चांगली वेळ कुठली?

मी शेंगा खाते. सांगत नाही.