तळहातावरचा कडू थेंब

माझ्या आधी त्या दवाखान्यात जो कंपाउंडर होता, तो म्हणे औषध बाहेर विकायचा आणि रोग्यांना नुसतं पाणी टोचायचा. खरं-खोटं मला माहीत नाही. मी रुजू झाले तोवर त्याची बदली झाली होती. त्याची कीर्ती मात्र माझ्या वाट्याला आली. चोर सोडून संन्याशाला फाशी, तसं. साठ सालानंतरची ती दोन-तीन वर्षं. पांढरकवड्याहून आत, जंगलाच्या अंगाला असलेलं गाव, तीन खोल्यांचा दवाखाना, आठवड्यातून दोनदा येणारे डॉक्टर, आणि एरवी मी एकटी नर्स.

क्षयाच्या रोग्यांना रोज स्ट्रेप्टोमायसिनची सुई द्यायची, हे माझं मुख्य काम. सकाळी स्टोव्हला पंप मारायचा, काचेची सिरिंज आणि सुया उकळायच्या. छोट्या बाटलीत पांढरी पूड असे. रबरी बुचातून तिच्यात पाणी सोडायचं, बाटली हलवायची, औषध ओढून घ्यायचं, मग सुई वर धरून हवा काढायची. हवेबरोबर औषधाचे तुषार उडत, कधी मनगटावर, कधी तोंडावर. त्याचं कुणाला काही वाटत नसे. आम्हाला शिकवणाऱ्या सिस्टरांच्याही तोंडावर उडत. मी पदरानं पुसायची आणि पुढच्या रोग्याला हाक मारायची.

जवळच्या तांड्यावरून एक म्हातारबा आपल्या सुनेला बैलगाडीतून घेऊन येत. बंजारा माणूस, उंच, तोंडानं फटकळ. सून विशीतली, खोकून खोकून तिचा नुसता सापळा झालेला. पहिल्याच दिवशी त्यांनी माझा हात अडवला.

"पानी त नाही टोचत ना वं बाई?"

"औषध आहे, बाबा."

"मले चाखू दे. पानी कडू नसते."

माझं डोकं फिरलं. रांगेत पंधरा-वीस माणसं, स्टोव्ह फुरफुरतोय, आणि यांना चव बघायचीय. रागातच मी सुईतला एक थेंब माझ्या डाव्या तळहातावर पाडला आणि हात पुढं केला. म्हातारबांनी बोट लावलं, जिभेवर ठेवलं, तोंड वाकडं केलं.

"कडू हाय. दे टोचून."

त्या दिवसापासून सगळी रांगच चव मागू लागली. रोज माझ्या तळहातावर पंधरा-वीस थेंब पडत आणि पंधरा-वीस बोटं तिथं लागत. हात धुवायला पाणी दूरच्या विहिरीवरून यायचं, ते सुया उकळायला पुरवावं लागे. मी हात लुगड्याला पुसत असे.

मी हे पहिल्याच दिवशी थांबवायला हवं होतं. का नाही थांबवलं, तेही सांगते. छप्पन साली माझ्या बापानं बुद्धधर्म घेतला, मला शिकवलं, यवतमाळला नर्सिंगला धाडलं. पण त्या गावात मी ज्या खोलीत भाड्यानं राहत होते, तिथली घरमालकीण मला पाणी वरून ओतायची, तिच्या रांजणाला माझा हात लागलेला चालत नसे. आणि इकडं दवाखान्यात त्याच गावची माणसं माझ्या तळहातावरचा थेंब चाटत होती! सुट्टीत घरी गेल्यावर मी बापाला हे सांगितलं. तो जेवता जेवता थांबला.

"तुया हातचं चाखलं त्याइनं?" त्यानं दोनदा विचारलं. मला त्या थेंबाचा अभिमान वाटत होता, आणि तो मला सोडवत नव्हता.

पावसाळा संपता संपता बोटांच्या बेचक्यांत खाज सुरू झाली. मला वाटलं, कपड्याचा साबण लागला असेल. कडुनिंबाचा पाला लावला, खोबरेल लावलं. मग तळहातावर पाणीदार फोड आले, ते फुटले, कातडी सोलली. एके सकाळी उठले तर पापण्या सुजून डोळे उघडेनात. तशीच तोंडावर पाणी मारून दवाखान्यात गेले, सुट्टी घेतली असती तर सुया कोण देणार होतं? रांगेत कुजबूज ऐकू आली, "महारोग त नाही?" एका बाईनं पुढं केलेलं पोर मागं घेतलं.

डॉक्टर आले, त्यांनी माझे हात उजेडात धरून पाहिले. "महारोग वगैरे काही नाही. हे औषधच आहे," ते म्हणाले. "तुषार उडतात, पूड लागते, आणि वर तुम्ही हा चव द्यायचा उद्योग काढलाय. चाखणाऱ्यालाही ते बरं नाही. एकदा का अंगानं हे औषध ओळखलं की ते पुन्हा विसरत नाही. रोग्याला दोन-तीन महिने सुया घ्यायच्या आहेत, तुम्हाला जन्मभर द्यायच्या आहेत. हे असंच चाललं तर तुम्हाला सुईच्या कामावरून काढावं लागेल."

त्यांनी पद्धत घालून दिली. हवा बाटलीच्या आतच काढायची. सुई बाहेर काढताना बुचावर ओला कापूस धरायचा. थेंब उडाला तर लगेच साबणानं धुवायचं, पाणी आणायला दवाखान्याच्या शिपायाला दोन खेपा जास्त घालायला लावायच्या. आणि रबरी हातमोजे. दोन जोड मिळाले, तेही ठिगळ लावलेले. ते उकळायचे, वाळवायचे, आतून पावडर मारायची.

मोजे घालून मी टेबलापाशी उभी राहिले. म्हातारबा पुढं आले, माझ्या हातांकडं पाहत राहिले.

"काहून वं बाई, आमचा इटाळ होते का तुले?"

हे मला विचारलं, मला! जिनं जन्मभर दुसऱ्यांचा विटाळ सोसला तिला. तोंडाशी काहीबाही आलं होतं, ते गिळलं आणि मोजा काढून त्यांना सोललेला हात दाखवला. म्हटलं, औषधानं झालंय, डॉक्टरांचा हुकूम आहे.

म्हातारबांनी विचार केला. "औषद चांगलं हाय त तुयाच हाताले कायले खाते? अन् वरून हाताले खाते, त आतून माह्या सुनेले काय करत असन?"

याचं उत्तर माझ्याकडं होतं, पण ते पुस्तकातलं होतं. त्यांनी सुनेला उठवलं, गाडीत बसवलं आणि बैल वळवले. तिच्या अजून महिन्याभराच्या सुया बाकी होत्या. मधेच सुटल्या की रोग उलटतो आणि मग हेच औषध त्याला पुरत नाही, हे मी शिकले होते.

दुसऱ्या दिवशी ते आले नाहीत, तिसऱ्या दिवशीही नाहीत. चौथ्या दिवशी दुपारी मी सुया-सिरिंज डब्यात भरून तांड्यावर चालत गेले. सून दारात उन्हात बसली होती, खोकत होती. तिचं तान्हं पोर सासऱ्याच्या मांडीवर होतं. मी काही समजावत बसले नाही, फार थकले होते. मोजे पिशवीतच ठेवले. बाटली हलवली, सुई भरली, सोललेल्या तळहातावर थेंब पाडला. आग आग झाली.

"चाखा," मी म्हटलं.

त्यांनी चाखलं. सुनेनं निमूट सुई घेतली. "उद्या गाडी जुंपतो," म्हातारबा म्हणाले.

ते येऊ लागले, पण त्यांच्यासाठी उघडा केलेला माझा हात पाहिल्यावर बाकीची रांगही मोज्यांतून सुई घेईना. मोजे खणात पडून राहिले. डॉक्टर यायच्या दिवशी तेवढे घालायची. सुनेच्या सुया पुऱ्या झाल्या त्या आठवड्यात माझे डोळे पुन्हा मिटले, या वेळी ओठही सुजले, श्वास लागला. डॉक्टरांना मी सांगितलं, मोजे फाटले होते. त्यांनी मला सुईच्या कामावरून काढलं ते कायमचं. मी केसपेपर लिहायच्या टेबलावर गेले. तेव्हा मी पंचविशीचीही नव्हते, आणि जे एकच काम मी मनापासून करत होते ते गेलं होतं.

वर्षभरानं सून आली. पोराला ताप होता. अंगानं भरली होती, पहिल्यांदा मी ओळखलंच नाही. तिनं ओळखलं, हसली. पोरानं माझ्या हातातल्या टाकाकडं हात टाकला, तेव्हा तिची नजर माझ्या बोटांवर गेली. कातडी जाड, भेगाळलेली, काळवंडलेली. तिनं पोराचा हात हलकेच मागं घेतला.

"लेकराले लागन ना, बाई."

"हे लागत नाही," मी म्हटलं.

तिनं मान हलवली आणि पोराला दुसऱ्या कडेवर घेतलं. तेव्हा पहिल्यांदा मला वाटलं, मोजे काढायला नको होते. फार वाईट वाटलं. मी मान खाली घालून तिच्या पोराचा कागद लिहिला. ती रांगेत जाऊन उभी राहिली. रांग मोठी होती, तासभर तरी ती तिथं होती. एकदाही खोकली नाही.